लँगरहान्सची बेटे आणि उत्तरेची माकडे

माकडाविषयी आपल्या भाषेने फारसे चांगले बोलून ठेवलेले नाही. माकडचेष्टा आणि माकडचाळे हे शब्द आपण मुलांना रागवण्यासाठी राखून ठेवले आहेत. आणि ज्याच्या हाती सत्ता जाऊ नये असे वाटते, त्याच्याकडे बोट दाखवून 'माकडाच्या हाती कोलीत' म्हणून मोकळे होतो. शनिवारी मारुतीला तेल वाहायचे आणि घरी येताच परसातल्या पेरूवर बसलेल्या त्याच्या भाऊबंदांवर दगड भिरकावायचे, यात आपल्याला काही विसंगत वाटत नाही. अशा या प्राण्याच्या पोटातल्या, मोहरीच्या दाण्याहूनही कितीतरी लहान असलेल्या पेशींच्या पुंजक्यांची हकीकत मी सांगणार आहे. दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण फराळाचे ताट पुढे आले की 'आजोबांना लाडू वाढू नका', 'काकूंचा चहा बिनसाखरेचा' असे आवाज जिथून उठत नाहीत, असे घर आज शोधून काढावे लागते. त्या आवाजांचा उगम याच पुंजक्यांत आहे.

जठराच्या मागे आडवे पडलेले, वीतभराहून थोडे आखूड असे एक इंद्रिय आपल्या पोटात असते. त्याला आपण स्वादुपिंड म्हणतो. अन्न पचवणारा रस तयार करून आतड्यात सोडणे हे त्याचे काम जुन्या शारीरशास्त्रज्ञांना ठाऊक होते, आणि त्याला एवढेच काम असावे अशी सर्वांची समजूत होती. १८६९ साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स नावाचा २१ वर्षांचा विद्यार्थी पदवीच्या प्रबंधासाठी मुख्यतः सशाचे स्वादुपिंड सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होता. रस तयार करणाऱ्या पेशींच्या गर्दीत त्याला मधूनमधून काही निराळ्याच, फिकट पेशींचे पुंजके दिसले. पुंजका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा, फार तर त्याच्या दुप्पट-अडीचपट. हे पुंजके काय काम करतात ते आपल्याला सांगता येत नाही, असे त्याने प्रबंधात स्वच्छ लिहून टाकले. पदवी मिळवायला निघालेल्या तरुणाने असे लिहावे याचे मला आजही कौतुक वाटते. काहीतरी उपपत्ती ठोकून देण्याचा मोह त्या वयात आवरत नसतो.

पुढे लँगरहान्स फ्रायबुर्गला प्राध्यापक झाला, पण क्षयाने त्याला गाठले. हवापालटासाठी तो अटलांटिकमधल्या मदीरा बेटावर गेला, तिथेच त्याने वैद्यकी केली, समुद्रातल्या किड्यांचा अभ्यास केला, आणि १८८८ साली, वयाची ४१ वर्षे पुरी व्हायला अवघे काही दिवस उरले असताना त्याला मरण आले. त्याच्या पुंजक्यांना 'लँगरहान्सची बेटे' हे नाव फ्रान्समधल्या लागेसने १८९३ साली दिले. हे पुंजके रक्तात काहीतरी सोडत असावेत, हा तर्कही लागेसचाच. ज्याचे नाव त्या बेटांना मिळाले तो स्वतः एका बेटावर चिरनिद्रा घेत होता, आणि त्याला यातले काहीच ठाऊक नव्हते.

मधल्या काळात, १८८९ साली, स्ट्रासबुर्गमध्ये फॉन मेरिंग आणि मिन्कोव्स्की यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, आणि त्याला तीव्र मधुमेह झाला. त्या कुत्र्याच्या मुतावर माश्या जमल्या म्हणून हा शोध लागला, अशी एक गोष्ट सांगतात. ती कितपत खरी याविषयी जाणकारांत वाद आहे. माश्यांचे काही असो, गोड मुताकडे मुंग्या धावतात ही गोष्ट आपल्या आयुर्वेदाच्या संहितांना फार पूर्वीपासून ठाऊक होती, आणि रोगाचे मधुमेह हे नावही तिथलेच. फक्त बिघाड नेमका कुठे होतो, हे कळायला त्या कुत्र्याची वाट पाहावी लागली.

यानंतरची कथा वाचकांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेली असेल. १९२१च्या उन्हाळ्यात टोरोंटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग, कॉलिपने शुद्ध केलेला अर्क, आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला टोचलेले इन्सुलिन. तो इतिहास थोर आहे, पण त्याचा गाजावाजा पुष्कळ झाला आहे. मला त्याच्या आजूबाजूला चाललेल्या एका संथ कामाविषयी सांगायचे आहे. या बेटांवर राहते कोण, याची शिरगणती करण्याचे ते काम.

ती शिरगणती रंगांच्या साहाय्याने झाली. १९०७ साली शिकागोमध्ये लेन याने गिनीपिगच्या स्वादुपिंडावर निरनिराळे रंग चढवून दाखवले की, बेटावर दोन प्रकारच्या पेशी आहेत. त्यांना त्याने ए आणि बी अशी साधी नावे दिली. पुढे लोक त्यांना अल्फा आणि बीटा म्हणू लागले. १९३१ साली ब्लूमने माणसाच्या स्वादुपिंडात तिसरी जात शोधली, तिला डी अथवा डेल्टा म्हणतात. कामे हळूहळू उमगत गेली. बीटा पेशी इन्सुलिन करतात, ते रक्तातली साखर उतरवते. अल्फा पेशी ग्लुकागॉन करतात. यकृताच्या कोठारातली साखर बाहेर काढून रक्तात ओतायचा हुकूम ते देते, म्हणजे उपाशीपोटी आपल्याला घेरी येत नाही. घरात एकाने पैसे शिलकीत टाकावेत आणि दुसऱ्याने गरजेपुरते काढावेत, तसा हा कारभार आहे. डेल्टा पेशींचे काम फार उशिरा कळले. त्याची कथा पुढे येईलच.

शिरगणती झाली, तसा नकाशाही निघाला. उंदीर-घुशींच्या बेटात बीटा पेशी मधोमध दाटीने वसलेल्या आणि अल्फा व डेल्टा त्यांच्या कडेने कडे करून बसलेल्या. मधे गाव आणि सभोवती वेशीवरचे पहारेकरी, असे ते सुबक चित्र. हेच चित्र पुस्तकांत छापले गेले, फळ्यावर काढले गेले, आणि बेट म्हणजे असे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेले. ते बेट उंदराचे, हे सांगायचे मात्र पुष्कळदा राहून जाई.

माणसाचे स्वादुपिंडच का तपासले नाही, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याला एक विचित्र अडचण आहे. या इंद्रियात पचनाचे रस भरलेले असतात, आणि माणूस मेला की काही तासांतच ते रस त्याच इंद्रियाला पचवू लागतात. शवविच्छेदनाच्या टेबलावर येईपर्यंत त्याचा पुष्कळसा भाग विरघळलेला असतो. ताजे मानवी स्वादुपिंड मिळणे म्हणजे लॉटरीच होती. उंदीर मात्र हवा तेव्हा, हवा तेवढा, आणि चार पैशांत मिळे. संशोधकांनी उंदीर निवडला तो तो आपल्यासारखा आहे म्हणून नव्हे, तर हाताशी होता म्हणून.

माणूस आणि उंदीर यांच्या मधली जागा माकडाची. आणि हे माकड आले आपल्याच देशातून.

इथे थोडी ओळख करून दिली पाहिजे. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे ते वानर. त्याचा इथे संबंध नाही. कोकणात आणि घाटावर दिसणारे, डोक्यावर केसांची टोपी घातल्यासारखे वाटणारे लांब शेपटीचे माकड, तेही हे नव्हे. ही गोष्ट आहे उत्तरेकडच्या लाल तोंडाच्या, आखूड शेपटीच्या माकडाची, ज्याला शास्त्रज्ञ ऱ्हीसस म्हणतात. काशी-मथुरेच्या यात्रेला गेलेल्यांच्या हातचा प्रसाद आणि नाकावरचा चष्मा पळवणारे ते हेच. १९३८ साली कार्पेंटर नावाच्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने चारशेहून अधिक ऱ्हीसस माकडे हिंदुस्थानातून बोटीने नेली आणि पोर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो या चिमुकल्या बेटावर सोडली. त्यांचे वंशज तिथे अजून नांदत आहेत.

पुढे १९५०च्या दशकात पोलिओच्या लशीचे काम सुरू झाले आणि मागणीला सुमार राहिला नाही, कारण लशीचा विषाणू माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवत. वर्षाला लाखाच्या घरात माकडे पिंजऱ्यांत घालून परदेशी रवाना होऊ लागली. वाटेत त्यांचे जे हाल होत, त्यांचा बोभाटा झाल्यावर १९५५ साली नेहरूंच्या सरकारने निर्यात काही काळ थांबवली आणि मग अटी घालून पुन्हा सुरू केली. माकडे वैद्यकीय संशोधनासाठी आणि लशीसाठीच वापरावीत, ही मुख्य अट. अमेरिकेत लष्करी संस्थांतून माकडांवर किरणोत्साराचे प्रयोग चालतात, हे सत्तरच्या दशकात उघडकीस आले. मोरारजी देसाई तेव्हा पंतप्रधान होते. १९७८च्या एप्रिलपासून त्यांच्या सरकारने निर्यात साफ बंद केली. मोरारजींचे सगळेच हट्ट मला पटत आले आहेत असे नाही, पण हा पटतो. दिलेला शब्द मोडणाऱ्याला माल द्यायचा नाही, हा व्यवहार झाला. आणि ज्याला दया म्हणतात तीही त्यात होतीच.

पण तोवर गेलेली माकडे आणि त्यांची पोरेबाळे परदेशच्या प्रयोगशाळांत होती, आणि त्यांतल्या काहींच्या पोटातली बेटे आता तपासली जाऊ लागली होती. १९७५ साली सेंट लुईसमध्ये पॉल लेसी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मधुमेही केलेल्या ऱ्हीसस माकडांत दुसऱ्या माकडांची बेटे रोपून पाहिली. माणसांच्या रोपणाला एडमंटनमध्ये २००० साली जे यश आले, सात रोग्यांची इन्सुलिनची सुई सुटली, त्याची वाट या माकडांवरून गेली आहे.

डेल्टा पेशींचा उलगडाही एका माकडाने केला, पण ते आफ्रिकेतले बबून. १९७३ साली कॅलिफोर्नियात गिय्मँच्या प्रयोगशाळेत मेंढ्यांच्या मेंदूतून सोमॅटोस्टॅटिन नावाचे हॉर्मोन वेगळे काढले गेले. शरीराची वाढ करणाऱ्या हॉर्मोनला ते लगाम घालते, एवढीच त्याची ख्याती होती. सिॲटलच्या संशोधकांनी ते उपाशी बबूनना टोचले, तर त्यांचे इन्सुलिनही उतरले आणि ग्लुकागॉनही. आणि रक्तातली साखरही खाली आली. हा निष्कर्ष १९७४ साली प्रसिद्ध झाला. मेंदूतले हॉर्मोन स्वादुपिंडाला का दटावते, याचा शोध घेताना कळले की, तेच हॉर्मोन बेटावरच्या डेल्टा पेशी स्वतःही करतात. साखर चढवणारी अल्फा आणि उतरवणारी बीटा या दोघींना 'पुरे' म्हणणारी तिसरी शेजारीण ती हीच.

माकडांकडून सर्वांत मोठी गोष्ट कळली ती मात्र काही न टोचता, काही न कापता. नुसते बघत राहून. ऑरेगनच्या माकड-संशोधन केंद्रात सुलावेसी बेटावरची काळी माकडे पाळलेली होती. त्यांतल्या कित्येकांना आपोआप मधुमेह होतो, हे चार्ल्स हॉवर्डच्या लक्षात आले. त्यांची बेटे तपासली तेव्हा पेशींच्या जागी काचेसारखा चकाकणारा, निर्जीव पदार्थ साचलेला दिसला. आणि तो रोगाची लक्षणे दिसण्याच्या आधीपासून साचत होता. हा पदार्थ वैद्यकाला अनोळखी नव्हता. १९०१ साली बाल्टिमोरमध्ये यूजीन ओपी याने मेलेल्या मधुमेही माणसांच्या बेटांत तो पाहिला होता. पण रोग्याच्या मृत्यूनंतर पाहिलेल्या गोष्टीवरून, तो रोगाचे कारण की रोगाची राख, हे ठरत नाही. माकडाने तिचा आधीचा प्रवास दाखवला. १९८७ साली हा पदार्थ ज्या प्रथिनाचा बनतो तेही सापडले. ते बीटा पेशीच इन्सुलिनबरोबर बाहेर टाकतात. गंमत अशी की, माणूस, माकड आणि मांजर यांच्यात ते साचून गोळा होते. उंदरात त्याच्या साखळीतले काही दुवे निराळे असल्यामुळे ते साचतच नाही. म्हणजे उंदरांवर शंभर वर्षे डोळे लावून बसले असते, तरी हा भाग कोणाला दिसला नसता.

मेरिलँडमध्ये बार्बरा हॅन्सन यांनी तर एकाच ऱ्हीसस कळपाची वर्षानुवर्षे दप्तरे ठेवली. या माकडांना मिठाई देत नसत हो! पिंजऱ्यात टाकलेले खाणे म्हणजे साधी, कोरडी, ठरावीक मापाची बिस्किटे. फक्त ती हवी तेवढी खायला मोकळीक होती. त्यांतली बरीचशी माकडे मध्यम वयात सुटली, त्यांच्या पोटाचे घेर वाढले, आणि मग जे घडले त्याचा क्रम १९८६ साली त्यांनी मांडला. पहिल्याने रक्तातले इन्सुलिन वाढते. शरीर त्याचे ऐकेनासे होते, म्हणून बीटा पेशी दुप्पट राबतात. साखर मात्र वर्षानुवर्षे जागच्या जागी राहते आणि बाहेरून सारे ठीक दिसते. मग एक दिवस बीटा पेशी थकतात, इन्सुलिन घसरते, आणि साखर चढते. तपासणीत साखर वाढलेली निघते, त्याच्या पुष्कळ आधी कथा सुरू झालेली असते. दुसऱ्या काही माकडांना त्यांनी मापून खायला दिले, इतकेच की तरुणपणचे वजन कायम राहावे. त्यांच्यात मधुमेह एकालाही झाला नाही, असे त्यांनी १९९३ साली जाहीर केले. आमच्या पिढीच्या आज्या 'दोन घास कमी खा' म्हणत, त्याला याहून मोठा पुरावा कोणी मागू नये. आणि तरीही त्याच आज्या पानात चौथा लाडू वाढत, हेही खरेच.

आता राहिला तो नकाशा. मरणोत्तर अवयवदानाची पद्धत रूढ झाली आणि रोपणासाठी काढलेली ताजी मानवी स्वादुपिंडे प्रयोगशाळांत येऊ लागली. २००६ साली मायामीच्या संशोधकांनी माणूस, माकड, डुक्कर आणि उंदीर यांची बेटे शेजारी-शेजारी मांडून पाहिली. उंदराच्या बेटात शेकडा ७७च्या आसपास बीटा आणि १८ अल्फा. वेशीवर पहारेकरी, मधे गाव, सगळे पुस्तकाबरहुकूम. माणसाच्या बेटात मात्र बीटा ५५, अल्फा ३८, आणि उरलेल्यांत डेल्टा. अन् मध्य नाही, कड नाही, सगळ्यांची सरमिसळ. गिरगावातल्या जुन्या चाळीत देशस्थाच्या शेजारी गुजराती आणि त्याच्या शेजारी गोवेकर राहावा, तसे अल्फाच्या दाराशी बीटा आणि बीटाच्या भिंतीला डेल्टा. माकडाचे बेट पाहिले, तर तीच चाळ! असे काही दिसते म्हणणारे थोडे लोक पूर्वीही होते. आता आकड्यांनिशी ते मांडले गेले.

शेजार बदलला की व्यवहार बदलतो, हे चाळीत राहिलेल्याला सांगायला नको. उंदराच्या बेटातल्या बहुतेक बीटा पेशी बीटांच्याच गर्दीत असतात. आपल्या बीटा पेशीला अल्फाचा शब्द भिंतीपलीकडून सतत ऐकू येतो. त्याच मायामीच्या लोकांनी पुढे दाखवले की, माणसाच्या अल्फा पेशी शेजारच्या बीटांना 'तयार राहा' म्हणून रासायनिक निरोप धाडतात. उंदरात हे काम मज्जातंतू करतात. रक्तातली साखर उतरवणारी आणि चढवणारी, या दोघी एकमेकींच्या वैरिणी आहेत असे आम्ही शिकलो होतो. त्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या, एकमेकींची चाहूल घेऊन चूल पेटवणाऱ्या शेजारणी निघाल्या.

या शेजाराचे मोल किती, ते २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने कळते. प्रत्येक प्राण्याच्या रक्तात साखरेचे एक ठरलेले मान असते. उंदराचे मान आपल्यापेक्षा चढे. निरोगी उंदराच्या रक्ताइतकी साखर आपल्या रक्तात निघाली, तर डॉक्टर ताबडतोब कागद ओढून पथ्य लिहू लागतील. संशोधकांनी उंदरांच्या बीटा पेशी औषधाने मारून त्यांना मधुमेही केले आणि मग त्यांच्यात बेटांचे रोपण केले. रोपण केले ते डोळ्यात. बुबुळाच्या पुढच्या पोकळीत बेट रुजते, त्यात रक्तवाहिन्या शिरतात, आणि डोळ्याचा पारदर्शक पडदा खिडकीसारखा असल्यामुळे ते जिवंत बेट बाहेरून सूक्ष्मदर्शकाने पाहता येते. ज्यांना उंदराची बेटे दिली, त्यांची साखर उंदराच्या मानावर येऊन थांबली. ज्यांना माणसाची दिली, त्यांची साखर आणखी खाली उतरली आणि माणसाच्या मानावर येऊन स्थिरावली. उंदराचे यकृत, उंदराचा मेंदू, उंदराचे खाणे. आणि डोळ्यातल्या त्या चाळीचा हिशेब मात्र माणसाचा.